धवलारणीची दाढ

दाढ दुखत असल्याचा अभिनय फार अवघड असतो, हे मी अनुभवाने सांगते. नवशिका माणूस अख्खा पंजा गालावर दाबतो आणि डोळे मिटून कण्हायला लागतो. साफ चूक. खऱ्या दाढदुखीत हात गालाला नुसता टेकवायचा असतो, आत तान्हं मूल निजलंय आणि ते जागं व्हायला नको इतक्या बेताने. मान किंचित त्याच बाजूला. जीभ आतून सारखी चौकशी करत असते, त्यामुळे बोलणं जरा लांबतं. पनवेलमध्ये अठरा वर्षांत मी हा अभिनय किती जणांना शिकवला याची गणती नाही. त्यात बँकेतले अधिकारी होते, एक मुख्याध्यापिका होत्या, एक फौजदार होते. एक कीर्तनकारबुवाही होते, त्यांना मात्र काहीच शिकवावं लागलं नाही.

यांच्यापैकी एकाचीही दाढ दुखत नव्हती.

मी एका मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात स्वागतिका होते. 'स्वागतिका' हा माझा शब्द. डॉक्टर 'रिसेप्शन' म्हणत, शहरातले पेशंट 'मॅडम', आणि गावाकडचे 'ओ बाय'. त्याआधी मी हौशी रंगभूमीवर होते. तिसऱ्या अंकात खोकत खोकत मरणारी आई ही माझी खास भूमिका. एका प्रयोगात मी इतकी रंगले की पडदा पडल्यावरही मरत होते. पुढे नाटकमंडळी पांगली, मंडळ बंद पडलं आणि मी या नोकरीला लागले. लोक हळहळले. मी नाही. कारण दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की मला मंडळापेक्षा मोठं रंगमंदिर मिळालं आहे, आणि इथे दिग्दर्शनही माझंच.

आमच्या दवाखान्याची रचनाच तशी होती. जुन्या पनवेलात, तळ्याकडून बाजारात वळणाऱ्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर एक हॉल. हॉलच्या डावीकडे डॉक्टरीणबाईंची दातांची खुर्ची, उजवीकडे डॉक्टरांची खोली. दोघे नवरा-बायको. बाहेरच्या पाटीवर बाईंचं नाव मोठ्या अक्षरांत, त्याखाली रंगवलेला हसरा दात, आणि त्या दाताच्याही खाली, मुंगीने वाचावं एवढ्या अक्षरांत, डॉक्टरांचं नाव. 'मानसोपचार' हा शब्द सुरुवातीला पाटीवर होता म्हणतात. तो होता तोवर जिना कुणी चढत नसे. तो पुसला आणि माणसं यायला लागली.

यायला लागली, पण हॉलमध्ये ओळखीचं कुणी दिसलं की आल्या पावली परत. पनवेलमध्ये ओळखीचं कुणी दिसणार नाही असं होतच नाही. म्हणून मी एक पद्धत काढली. बाईंच्या पेशंटला गुलाबी चिठ्ठी, डॉक्टरांच्या पेशंटला पिवळी. पण चिठ्ठीवर लिहायचे ते दातच. धडधड, घाबरं होणं, म्हणजे 'वरची दाढ'. नैराश्य, ज्याला आता शाळकरी मुलंसुद्धा डिप्रेशन म्हणतात, ती 'खालची दाढ'. आणि ज्याचं औषध सहा-आठ महिने न चुकता चालवायचं, मधेच सोडायचं नाही, ते 'रूट कॅनाल'. घरी फोन करायचा झाला तरी हीच भाषा. घरात सासू असो की साहेब, दाढेला कुणाची हरकत नसते.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "शुभाताई, माणूस जिना चढतोय ना? चढू दे. कुठल्याही दाताने चढू दे."

या धंद्यातली एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते. आमच्याकडे 'मी उदास आहे' असं सांगत जवळजवळ कुणीच येत नाही. खारघरच्या टॉवरमधला माणूस येतो तो ॲसिडिटी घेऊन, नाहीतर पाठ घेऊन, नाहीतर इंटरनेटवरून छापून आणलेली दहा पानं घेऊन. 'मला फक्त स्ट्रेस आहे, डिप्रेशन वगैरे नाही' हे तो बसायच्या आत सांगतो. नेऱ्याकडच्या खेड्यातला माणूस येतो तो अंगभर मुंग्या घेऊन, जड डोकं घेऊन, पोटात फिरणारा गोळा घेऊन. दोघांचं दुखणं एक. डॉक्टर दोघांनाही तेच चार प्रश्न विचारत: झोप कशी आहे, भूक कशी आहे, पूर्वी आवडायचं ते अजून आवडतं का, आणि चौथा, ज्याच्याबद्दल पुढे सांगते.

मला लोक विचारतात, या आजाराबद्दल जास्त अडाणी कोण, गाव की शहर? मी दोन्हीकडचे नमुने पाहिले आहेत. गावात म्हणतात, बाहेरचं काहीतरी अंगात शिरलंय, भगताला बोलवा. शहरात म्हणतात, मनाने खंबीर हो, सकाळी फिरायला जा, तुला कमी काय आहे? मला विचाराल तर त्यातल्या त्यात गाव बरं. भगत चुकतो, कोंबड्याचा जीव जातो, पण निदान रोग्याला तो असं म्हणत नाही की ही तुझीच चूक. बाराव्या मजल्यावरचा माणूस मात्र रोज सकाळी फिरायला जातो, हास्यक्लबात दोन्ही हात वर करून हसतो, आणि घरी येऊन स्वतःलाच शिव्या घालतो की एवढं करूनही मला बरं का वाटत नाही.

अशा एका बाराव्या मजल्यावरच्या माणसाला मी प्रोफेसर म्हणते. खारघरच्या एका कॉलेजात ते शिकवत. वर्गात कॅल्क्युलस शिकवताना फळ्याकडे तोंड करून रडू यायचं, म्हणून आले. विद्यार्थ्यांपैकी कुणी पाहील या भीतीने ते दोन रिक्षा बदलून, टोपी घालून येत. अभिनयात अगदीच कच्चे. या खेपेला उजवा गाल धरत, पुढच्या खेपेला डावा. मी किती वेळा सांगितलं, "सर, बाजू एकच ठेवा." ते म्हणायचे, "लक्षात राहत नाही हो." खरंच होतं ते. त्या आजारात लक्षात राहतच नाही.

आणि आता गुणाबाय.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. नेऱ्याच्या पलीकडच्या एका गावातून बाळाराम नावाचा गृहस्थ आपल्या बायकोला घेऊन आला. गुणाबाय पंचेचाळिशीची, उंच, हाडापेराने मजबूत, आणि चेहरा असा की घरातली सगळी माणसं उठून गेलीत आणि दार उघडंच राहिलंय. बायका पेशंट असल्या की डॉक्टर मला खोलीत थांबवून घेत, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

डॉक्टरांनी विचारलं, "गुणाबाई, पूर्वी करायचात आणि आता करत नाही, असं काय आहे?"

बाळाराम म्हणाला, "गात नाय ती, साहेब. धवलारीन हाय ती."

धवलारीण म्हणजे काय ते पनवेल-उरणकडच्या माणसाला सांगायला नको, पण घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. आगरी लग्नात मांडव घातल्यापासून हळद उतरेपर्यंत जे जे विधी होतात ते एका बाईच्या गाण्यावर होतात. ती धवला गाते, म्हणजे लग्नाची जुनी गाणी. तिच्या तोंडून देव मांडवात येतात, त्या घराच्या पितरांना नावानिशी आवतण जातं. पोथी नाही, कागद नाही, सगळं तोंडपाठ. गुणाबायला ते सासूकडून आलेलं. गावातलं एकही लग्न वीस वर्षांत तिच्याशिवाय लागलं नव्हतं. आणि गेल्या सहा महिन्यांत तिने तोंडच उघडलं नव्हतं.

"भगत बोलला, कुनीतरी तिचा आवाज बांधलाय," बाळाराम सांगत होता. "तीन भगत केलं. दोन कोंबरं, येक बोकर."

मग डॉक्टरांनी चौथा प्रश्न विचारला. ते तो अगदी साधेपणाने विचारत, चहा घेणार का म्हणून विचारावं तसा. "गुणाबाई, जीव नकोसा वाटतो का? मरून जावं असं मनात येतं का?"

"रोज येतं," ती म्हणाली. खोलीत आल्यापासूनचे तिचे हे पहिले शब्द.

बाळाराम खुर्चीतून अर्धा उठला. "मना कदी बोलली नाय तू!"

"तू इचारलास कवा?"

बाळाराम पुन्हा बसला आणि रडायला लागला, मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता, खांदे हलवत. डॉक्टरांनी त्याला समजावलं की विचारल्याने हा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आधीच शिरलेला असतो तो बाहेर येतो. तिला एकटं सोडू नका. औषध लागू पडायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर धीर धरा. ही झोपेची गोळी नाही, सवय लागत नाही. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. आठ दिवसांनी परत या.

बाहेर आल्यावर बाळारामने मला हळूच विचारलं, "बाय, गावात काय सांगू? येड्याच्या दाक्तरकडं नेली म्हनून कललं तर तिला परत कोन लग्नाला बोलावल? मांडवात देव बोलावनारी बाय ती."

मला तर स्फुरणच चढलं. मी म्हटलं, "भाऊ, काळजी सोडा. दाढ!" आणि गुणाबायचा हात तिच्या गालावर नेऊन ठेवला. तिने तो तसाच राहू दिला. मला हातात लाकूड धरल्यासारखं वाटलं.

दर आठवड्याला ती येऊन बाकावर बसायची, पिवळी चिठ्ठी मुठीत. शेजारी पुष्कळदा प्रोफेसर असत. एक गाल धरलेली, एक गाल धरलेले, दोघं समोरच्या भिंतीकडे बघत. चौथ्या आठवड्यात मी फोनवर होते आणि बाकावरून आवाज आला:

"काय रं भाऊ, मागल्या येलेला तुजा उजवा गाल हुता ना?"

प्रोफेसर दचकले. हात या गालावरून त्या गालावर गेला, मग परत आला.

"असू दे, असू दे," गुणाबाय म्हणाली. "माजा पन तसाच हाय. कनचा धरायचा ते त्या बायला इचारावा लागतय."

मी फोन खाली ठेवला आणि टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायचं नाटक केलं, कारण माझे डोळे भरले होते. सहा महिन्यांनी ती बाई स्वतःहून कुणाची तरी खोडी काढत होती. औषध लागू पडलं हे ओळखायला आमच्याकडे रक्ताची तपासणी नसते. अशा खोड्याच असतात.

पुढे दोघांची चांगली गट्टी जमली. ती त्यांच्यासाठी वालाच्या शेंगा आणायची. ते तिला विचारायचे, एवढी नावं, एवढी गाणी पाठ राहतात कशी? ती म्हणायची, "पाठ कवा केली? ती आपल्या पायानं येतान." एका दुपारी तिने त्यांना हळू आवाजात दोन ओळी म्हणून दाखवल्या. बाईंच्या खुर्चीवर तोंड उघडून बसलेला पेशंटही ऐकत होता, असं बाईंनी मला नंतर सांगितलं.

आणि आता माझा पराक्रम.

तिसऱ्या महिन्यात गुणाबाय यायची थांबली. बरं वाटायला लागलं की माणसं थांबतातच. हीच वेळ सगळ्यात धोक्याची. त्यांच्या घरी फोन नव्हता. गावातल्या किराणा दुकानाचा नंबर बाळारामने दिलेला. मी फोन लावला. दुकानदाराच्या बायकोने घेतला. आता निरोप नुसता द्यायचा तर मी कसली नटी? मी आवाज खाली नेला, मधे थांबले, आणि म्हटलं, "गुणाबाईंना सांगा, त्यांची खालची दाढ अजून बरी झालेली नाही. रूट कॅनाल मधेच सोडलं तर सगळं मुळापासून जाईल. सहा महिने तरी उपचार हवेत. हयगय करू नका म्हणावं."

निरोप पोचला. पण दुकानापासून तिच्या घरापर्यंत सारी आळी आहे, आणि आळीत बायका आहेत. पहिल्या घरी दाढ मुळापासून गेली. तिसऱ्या घरी सगळे दात गेले. शेवटच्या घरी पोचेपर्यंत गुणाबायचं तोंड आतून नासलं होतं आणि सहा महिने ती बोलू शकणार नव्हती. नेमकं त्याच महिन्यात गावातल्या मोठ्या घरी, पाटलांकडे, लग्न निघालं. त्या घरचा धवला गुणाबायच्या सासूने गायला, मग गुणाबायने. घरच्या म्हाताऱ्या चांगुणाबायने हिशेब केला: तोंड नासलेल्या बाईच्या तोंडी देवाची नावं कशी द्यायची? आमंत्रणाची सुपारी पलीकडच्या गावच्या धवलारणीला पाठवायचं ठरलं.

ज्या गोष्टीपासून तिला वाचवायला मी दाढ काढली, त्याच दाढेने तिचं गाणं गेलं.

हे मला कळलं ते गुणाबायकडूनच. भर हॉलमध्ये. बारा-पंधरा माणसं बसलेली, गुलाबी-पिवळ्या चिठ्ठ्या घेऊन. दार उघडलं आणि ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"कनची दाढ ग बाये? कुठं नासलाय तोंड? मोज!" आणि तिने माझ्यासमोर आ केला. "मोज, मोज! बत्तीसच्या बत्तीस हायत!"

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई हातमोजे घालूनच बाहेर आल्या. दात दिसला की त्यांना राहवत नाही. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "एकतीस. पण फार उत्तम आहेत."

"आयकलंस?" गुणाबाय हॉलकडे वळली. "दात नाय आजारी. डोका आजारी हुता माजा! डोका! सा मयने मरावासा वाटत हुता. ह्या दाक्तरनं बरा केला. दात कशाला बदनाम करताव?"

हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मी अनेक प्रयोगांत अशा शांततेसाठी जीव टाकला होता, पण माझ्या वाट्याला ती कधी आली नाही. आणि त्या शांततेत मला दिसलं की प्रोफेसरांनी गालावरचा हात काढला. तो कुठे ठेवायचा हे त्यांना क्षणभर कळेना. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सरळ बसले. नंतर ते वर्षभर येत होते. त्यांनी गाल परत धरला नाही.

मी मात्र अजून नाटकातच होते. घाईघाईने म्हटलं, "गुणाबाय, चूक माझी. मी निस्तरते. बाई सर्टिफिकेट देतील, सही-शिक्क्यानिशी: 'सर्व दात शाबूत.' ते चांगुणाबायला दाखवू. डोक्याचं नाव काढायलाच नको." बाईंनी खरोखर लिहूनही दिलं.

गुणाबायने कागद माझ्याकडून वाचून घेतला. मग विचारलं, "दाक्तर बोलला, हा आजार परत येऊ शकतो. बोलला ना?"

"बोलले. पण येईलच असं नाही."

"आला तर? तवा काय सांगशील? दुसरी दाढ?" तिने कागद माझ्या टेबलावर ठेवला. "आनि बाय, माज्यासारखी आनकी कोन हाय गावात, ती कुठं जाईल? दातांच्या दाक्तरकडं?"

डॉक्टर खोलीच्या दारात येऊन ऐकत होते. ते म्हणाले, "गुणाबाई, दुखणं तुमचं आहे. कुणाला सांगायचं, किती सांगायचं, सगळं तुमच्या हातात. सांगितलंच पाहिजे असं काही नाही. लोक उलटेही बोलतील."

"मी ठरवलाय," ती म्हणाली. आणि माझ्याकडे बोट केलं. "पन ही येल माज्याबरोबर. खोटा हिनं सांगितला, खरा आयकायला ही पायजे."

निघताना डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं, यायची थांबली तरी गोळ्या तिने सोडल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेऱ्याच्या बाजूला जाणाऱ्या सहा आसनी रिक्षात, आठ माणसांत, बसले होते. सवयीने ओठ पहिल्या प्रवेशाआधीसारखे संवाद घोकायला लागले. फरक एवढाच की या प्रयोगात मला एकही वाक्य नव्हतं.

पाटलांचं घर नवं, तीन मजली, अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडलेले. वीसेक बायका सुपं घेऊन लग्नाचे तांदूळ निवडत होत्या. मधोमध पाटावर चांगुणाबाय. ऐंशीच्या घरातली, नऊवारी, पाठ ताठ. तिच्या बाजूला ताटात सुपारी ठेवलेली, दुपारी पलीकडच्या गावी जायची होती ती.

गुणाबाय सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काकी, माजे दात बघ." आणि आ केला. बायका हसल्या. "आता आयक. दाढ-बिढ काय नाय झाली मना. ही दवाखान्याची बाय, तिनं माज्यासाठी खोटा सांगितला. सा मयने मी डोक्याच्या आजारानं परली हुती. गोली खाते. अजून खाते. रोज."

हसणं थांबलं. एका बाईने सूप खाली ठेवलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "येड लागला हुता म्हन की." दुसरी म्हणाली, "नवऱ्यामुलाच्या मांडवात असली बाय कशी चालल?"

"येड नवता," गुणाबाय तिच्याकडे न वळता म्हणाली. "ताप येतो तसा मनाला आला हुता. उतरला."

चांगुणाबायने मला विचारलं, "गोल्यांनी मानूस इसरतो ना?"

मी मान हलवली. "नाही, आजी. उलट त्या आजारात विसरतो. गोळीने परत आठवायला लागतं."

"बघू," म्हातारी म्हणाली. "गुणे, बोलाव माज्या घरचं पितर. येक जरी चुकलीस तर सुपारी तिकरं गेली समज."

गुणाबाय जमिनीवर बसली, डोळे मिटले, आणि सुरू झाली. मी नाटकात गाणारे खूप ऐकले. हा आवाज तसा नव्हता. तो मोठा नव्हता, गोडही नव्हता; विहिरीतून भरलेली घागर वर यावी तसा वजनाने वर येत होता. आधी गावदेवी, मग खंडोबा, मग एकेक पितर. गोमा आणि त्याची ठकी, या मांडवाला. पदाजी आणि त्याची बुधी, या मांडवाला. जे दर्यात गेले ते, जे मिठागरात गेले ते. चार पिढ्या. प्रत्येक नावासरशी चांगुणाबायचं एक बोट मिटत होतं. दोन्ही हातांची बोटं तीन वेळा मिटून उघडली. शेवटचं नाव म्हातारीच्या नवऱ्याचं. ते आलं, म्हातारीने मूठ मिटली, आणि मला कळलं की गुणाबाय जिंकली. आता थांबायचं, पाया पडायचं, सुपारी उचलायची.

ती थांबली नाही. त्याच चालीत, त्याच आवाजात ती म्हणाली, "मंजुला, लेकी, तू पन ये मांडवाला."

तांदळाची सगळी सुपं एकदम थांबली. माझ्या शेजारच्या बाईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मंजुला कोण ते तिने मला नंतर कानात सांगितलं. चांगुणाबायची लेक. पंचवीसेक वर्षांपूर्वी सासरहून परत आली, वर्षभर कोपऱ्यात बसून राहिली, जेवेना, बोलेना. आणि एक दिवस मागच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं घराने सांगितलं आणि गावाने ऐकून घेतलं. तेव्हापासून या घरात तीन लग्नं झाली. एकाही मांडवाला तिला आवतण गेलं नव्हतं. तिचं नाव घ्यायचंच नाही, असं ठरून गेलं होतं.

गुणाबायने डोळे उघडले. "काकी, ती माज्या बरोबरीची हुती. मी पन तवा बोलली, हिला काय धाड भरलीय. येडी नवती ती. तिला बाधा पन नवती. जो मना झाला तो तिला झाला हुता. मना दाक्तर मिलला, तिला नाय मिलला. एवराच फरक."

मांडवाच्या बांबूंवर एक कोंबडी चढली, तिला कुणी हाकललं नाही. मी आयुष्यभर टाळ्या कुठे पडणार हे आधी ओळखणारी बाई. पण त्या क्षणी पुढे काय होणार ते मला सांगता आलं नसतं. चांगुणाबायचा चेहरा दगडासारखा होता. फक्त मिटलेली मूठ हळूहळू उघडली आणि अंगठा करंगळीवर जाऊन टेकला, मोजायचं राहिलेलं एक नाव मोजावं तसा.

मग ती उठली. दोन बायका धरायला धावल्या, त्यांना तिने हाताने बाजूला केलं. स्वतः वाकून बसायचा पाट उचलला, गुणाबायसमोर नेऊन ठेवला, आणि सुना-नातसुनांच्या देखत आपण खाली मातीत बसली.

"वर बस," ती म्हणाली. "आनि तिचा नाव आनकी येकदा घे."